खांब परवडतात

११ जुलै २०२५, मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांना एकोणीस वर्षं. सकाळी फोन हातात घेतला तर शाळेच्या ग्रुपवर तोच फोटो. गच्च भरलेली विरार लोकल, दारात लटकलेली पोरं, खाली तिरंगी पट्टीवर ‘मुंबई कधीच थांबत नाही! सलाम मुंबई स्पिरिट!!’ आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. पाठवणारा वर्गमित्र गेली बारा वर्षं पुण्याला बाणेरमध्ये राहतो, घरूनच काम करतो, आणि लोकलमध्ये शेवटचा कधी चढला होता ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. मला तरी कुठे येतंय म्हणा. पण ते नंतर.

दरवर्षी मी हे गिळतो. यंदा गिळवलं नाही, कारण चारच दिवसांपूर्वी मी इथे लंडनला हाइड पार्कात उभा होतो. ७ जुलै २००५ च्या लंडनमधल्या स्फोटांना यंदा वीस वर्षं झाली. सकाळी ८:५० ला पंतप्रधान आणि महापौर पुष्पचक्रं ठेवून गेले होते. मी गेलो दुपारी, मील डीलची, म्हणजे दुकानातल्या सँडविच-ज्यूसची पिशवी घेऊन. ऑफिस मार्बल आर्चला, रस्ता ओलांडला की पार्क. बावन्न माणसं गेली म्हणून स्टीलचे बावन्न खांब. साडेतीन मीटर उंच, चार घोळक्यांत उभे केलेले: ऑल्डगेटचे सात, एजवेअर रोडचे सहा, रसेल स्क्वेअरचे सव्वीस आणि टॅव्हिस्टॉक स्क्वेअरच्या बसचे तेरा. (त्या चौकाच्या बागेत आपले गांधीजी मांडी घालून बसलेत. बस त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर फुटली.) खांब ओतीव आहेत, त्यामुळे एकाचा पोत दुसऱ्यासारखा नाही, तळहात फिरवला की कळतं. एका खांबाच्या पायाशी कुणीतरी पिवळी फुलं आणि चहाचा कागदी कप ठेवला होता. कप भरलेला होता.

मी फोटो काढला, आणि ११ तारखेला तो ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘इथे बावन्न म्हणजे बावन्न. आपल्याकडे नक्की किती गेले, तेवढं कुणी सांगेल का?’

झालं. दिवसभर फोन थरथरत होता.

प्रश्न खोडसाळ होता, कबूल. पण चुकीचा नव्हता. ११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६:२४ पासून अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेवर सात स्फोट. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, प्रेशर कुकरमध्ये भरलेली स्फोटकं. माटुंगा-माहीम, माहीम, वांद्रे-खार, खार-सांताक्रूझ, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड-भाईंदर. ही यादी मला पाढ्यासारखी पाठ आहे. पण मेले किती? एका बातमीत १८७, दुसरीत १८९, तिसरीत २०९. काही जण नंतर इस्पितळात गेले. एक तर नऊ वर्षं कोमात राहून २०१५ साली. म्हणून आकडा हलत राहतो हे मला समजतं. पण एकोणीस वर्षांत तो कुठेतरी टेकायला हवा की नको? १८७ आणि २०९ यांत बावीस माणसांचा फरक आहे. बावीस माणसं म्हणजे चाळीचा एक अख्खा मजला.

आणि या हलत्या आकड्यावर आपण झाकण काय ठेवतो, तर स्पिरिट. आमच्या लहानपणी स्पिरिट म्हणजे कंपाउंडर कापसाच्या बोळ्याने लावायचा ते. लावल्यावर मिनिटभर गार वाटायचं, मग उडून जायचं, आणि सुई ती टोचायचीच.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा जास्तच लिहिलं. इथल्या इन्क्वेस्टबद्दलही, म्हणजे मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीबद्दलही लिहिलं. न्यायमूर्ती हॅलेट यांच्यासमोर ऑक्टोबर २०१० पासून पाच महिने काम चाललं. बावन्नपैकी एकेका माणसाचा: कुठल्या डब्यात होता, किती वेळ जिवंत होता, मदत किती वाजता पोहोचली, आणखी लवकर पोहोचली असती तर वाचला असता का. असं कुणीही वाचलं नसतं, हा निष्कर्षसुद्धा एकेका माणसाचा विचार करून काढलेला. स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, लंडनही कामावर गेलंच होतं. यांनाही त्या स्पिरिटची खाज आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांचं, म्हणजे ब्लिट्झचं, नाव काढल्याशिवाय यांचं एक संकट पार पडत नाही. पण कामावर गेले आणि मग बसून मोजलंही, हा माझा मुद्दा.

‘तुझ्या लंडनला आमचा नमस्कार सांग,’ बाणेरकरांनी लिहिलं. आणखी एकाने केक पाठवला, म्हणजे केकचं चित्र. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

रविवारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, नालासोपाऱ्याला राहतो, लोअर परळला कामाला. तीस वर्षं तीच लाइन. आमच्या त्या ग्रुपवर त्याचा धाकटा भाऊ आहे, त्याने सगळं वाचून दाखवलं असणार.

“अरे राजा, कशाला भांडतोस लोकांशी?” म्हणाला.

मी माझं सगळं भाषण त्याला पुन्हा दिलं. खांब, नावं, इन्क्वेस्ट. दादा ऐकून घेतो, ती त्याची सवय आहे. मग म्हणाला, “तुमच्याकडे माणसं कमी. खांब परवडतात. आमच्याकडे रुळांवर वर्षाला दोन हजारांवर माणूस जातो, पडून, क्रॉस करताना. गेल्याच महिन्यात मुंब्र्याला वळणावर दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. त्यांचे खांब कुठे लावायचे? प्लॅटफॉर्मवर उभं राहायला आधीच जागा नाही.”

“म्हणून मोजायचंच नाही?”

“मोज ना. तू मोज. तुला वेळ आहे.” मग थोडं थांबून, “आणि ते स्पिरिट वगैरे आम्ही कुठे म्हणतो? ते पेपरवाले म्हणतात आणि तुम्ही म्हणता. मी दुसऱ्या दिवशी गेलो कारण मस्टर होतं. तूही गेला होतास.”

गेलो होतो.

“आणि माहीम स्टेशनात जमतात की लोक दरवर्षी. मेणबत्त्या लावतात. तू कधी आलास?”

नाही आलो. एकोणीस वर्षांत एकदाही जुलैत आलो नाही. मुलांच्या शाळा जुलैच्या शेवटाला सुटतात, तिकिटं दुपटीने वाढतात, पावसात येऊन करायचं काय. आम्ही डिसेंबरमध्ये येतो. हुरडा, लग्नं, अलिबाग. हे मी दादाला सांगितलं नाही, कारण त्याला ते माहीत आहे. डिसेंबरमध्ये विमानतळावर तोच न्यायला येतो.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्याला मनातल्या मनात उत्तरं देत बसलो. त्याचं चुकतंय हे मला अजूनही वाटतं. रोज मरतात म्हणून त्या दिवशीचे मोजायचे नाहीत, हा न्याय कुठला? रोजचेही मोजा. पण ‘तूही गेला होतास’ हे वाक्य काही केल्या जाईना.

त्या मंगळवारी मी ऑफिसातून तासभर आधी निघालो होतो. घरी जायला नाही. फोर्टात एका नोटरीकडे. इकडच्या व्हिसासाठी डिग्रीच्या प्रती अटेस्ट करायच्या होत्या आणि हे ऑफिसात कुणालाही माहीत नव्हतं. साहेबाला दातांचं कारण सांगितलं होतं. नोटरीकडे वीज गेली, तो मेणबत्तीवर शिक्के मारत बसला. सातच्या सुमाराला चर्चगेटला आलो तर इंडिकेटर कोरे, आणि हजारो माणसं माना वर करून त्या कोऱ्या पाट्यांकडे बघत उभी. कुणी काही ओरडत नव्हतं. फोन लागत नव्हते. मी काही अंतर बसने, काही चालत निघालो. वांद्र्याला एस. व्ही. रोडवर बायका पाण्याच्या बाटल्या आणि पार्ले-जीचे पुडे घेऊन उभ्या होत्या. एक गाडीवाला, माझ्या साहेबाच्या साहेबाकडे असते तसली गाडी, काच खाली करून “अंधेरी? अंधेरी?” विचारत होता. सीटच्या कव्हरवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं, त्यावर आम्ही पाच घामट माणसं बसलो. बोरिवलीला पोहोचलो तेव्हा दीड वाजला होता. आई दारातच बसलेली. माझ्या बॅगेत अटेस्ट केलेल्या प्रती कोरड्या ठणठणीत होत्या, आणि पहिल्यांदा मी त्याच बघितल्या.

आता तुम्ही म्हणाल, एस. व्ही. रोडवरच्या त्या बायका, तो गाडीवाला, हेच तर स्पिरिट. मीही तसंच म्हणायचो, इथे आल्यावर पहिली पाच वर्षं, प्रत्येक पार्टीत. गोऱ्यांना ती पार्ले-जीची गोष्ट फार आवडायची. मी ती इतकी सांगितली की पुड्यांचा रंग सोडून मला आता स्वतःचं काही आठवत नाही. बाणेरकर निदान फुकट पाठवतो. मी त्या गोष्टीवर इथे अर्धी माणसं जोडली.

मग २१ जुलै आला आणि ग्रुप पुन्हा पेटला. मुंबई उच्च न्यायालयाने खटल्यातले सगळेच्या सगळे बारा जण निर्दोष सोडले. २०१५ साली विशेष मकोका न्यायालयाने यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. उच्च न्यायालय म्हणालं, सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करण्यात सपशेल अपयश आलं. बारांपैकी एक जण २०२१ मध्ये तुरुंगातच कोविडने गेला होता. तो मेल्यानंतर निर्दोष ठरला. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही.

ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, न्यायालयंच विकली गेलीत. दुसरा म्हणे, मग एकोणीस वर्षं कुणाला आत ठेवलं होतं? आणि मधूनमधून एकच वाक्य दोन्ही बाजूंनी: मग मारलं कुणी? मला वाटलं, आता हे माझं मैदान. मी लिहिलं, ‘म्हणूनच म्हणतो, इथे...’ आणि पुढे आणखी आठ ओळी.

दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, दादाच्या मुलीने मला वेगळा मेसेज केला. ती लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘काका, आज जाँ शार्ल द मेनेझिसला वीस वर्षं झाली. त्याच्याबद्दल नाही लिहिलंत ग्रुपवर?’

नव्हतं लिहिलं. ब्राझीलचा इलेक्ट्रिशियन. स्फोटांनंतर पंधरा दिवसांनी पोलिसांनी त्याला भलताच कुणी समजून स्टॉकवेल स्टेशनात गाडीच्या डब्यात गाठलं आणि डोक्यात सात गोळ्या घातल्या. एकाही पोलिसावर खटला उभा राहिला नाही. पोलीस दलाला दंड झाला तो आरोग्य आणि सुरक्षा कायद्याखाली, १,७५,००० पौंड. म्हणजे कारखान्यात जिन्याला कठडा नसला की ज्या कायद्याने दंड होतो, त्याच. हाइड पार्कात त्याचा खांब नाही. आणि ७ जुलैची पूर्ण सार्वजनिक चौकशी करा म्हणून नातेवाईक मागे लागले, तर ती सरकारने नाकारली, हेही मी गाळलं होतं. लंडनच्याच ग्रेनफेल टॉवरच्या आगीत २०१७ साली ७२ माणसं गेली. चौकशीचे जाडजूड खंड निघाले, त्या आगीसाठी कोर्टात २०२५ पर्यंत तरी कुणी उभा नव्हता. तो टॉवर मला माझ्या गाडीतून दिसत नाही, एवढंच काय ते माझं त्याच्याशी नातं.

मी तिला लिहिलं, ‘तो वेगळा विषय आहे, बाळा.’ तिने अंगठा पाठवला. या पिढीचा अंगठा मला कळत नाही, पण त्या दिवशीचा कळला.

वेगळा विषय नाही, आणि हे मला कुणी सांगायला नको. २००७ च्या मार्चमध्ये, इथे येऊन महिनाही झाला नव्हता, मी ईलिंग रोडवरून पाच लिटरचा प्रेशर कुकर घेतला. खोक्यासकट पिशवीत मावेना, म्हणून खोकं दुकानातच टाकलं आणि कुकर पाठीवरच्या सॅकमध्ये. ट्यूबमध्ये बसलो, सॅक मांडीवर. झाकण आत नीट बसलं नव्हतं; गाडीने गचका दिला की टण्ण. पुन्हा टण्ण. समोरच्या बाईने पुस्तकातून मान वर केली, पुन्हा खाली घातली. पुढच्या स्टेशनला ती उतरली आणि शेजारच्या डब्यात चढली. माझ्या दोन्ही बाजूंच्या सीट रिकाम्या झाल्या, आणि चढलेली माणसं उभी राहिली. मला एका बाजूने वाटत होतं, सॅक उघडून दाखवावी: बाई, भात शिजवायचंय यात. दुसऱ्या बाजूने कळत होतं की त्या वेळी सॅकमध्ये हात घालणं ही त्या डब्यातली सगळ्यात वाईट कल्पना ठरली असती. दोन स्टेशनं आधी उतरलो आणि चालत घरी गेलो. कुकर छातीशी धरून, लहान मूल धरावं तसा.

ही गोष्ट मी पार्ट्यांत सांगतो, हशा येतो. आता जी लिहितोय ती आजवर सांगितली नव्हती.

स्फोटांनंतर आठवड्याभराने, विरार फास्टमध्ये, एक दाढीवाला माणूस अंधेरीला चढला. डोक्यावर टोपी. बॅग वर रॅकवर ठेवली आणि दाराकडे सरकला. डबा गप्प. कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि बोललो मी. हिंदीत. मराठीत बोलण्याइतका तो मला आपला वाटला नाही. “बॅग खोलो.” तो म्हणाला, “हो, दाखवतो ना.” मराठीत. बॅग काढून माझ्या गुडघ्यांवर ठेवली, चेन ओढली. स्टीलचा डबा, एक लहान मुलाचा निळा रेनकोट, त्यावर अजून किमतीचं लेबल. त्याने सगळं परत भरलं आणि बोरिवलीपर्यंत बॅग पोटाशी धरून उभा राहिला. कुणी काही म्हणालं नाही. मीही. इथे ‘बॅग खोलो’ कुणी म्हणत नाही, शेजारची सीट रिकामी राहते. यातलं बरं कुठलं ते मी आजही ठरवू शकलेलो नाही, आणि दर वेळी जे सोयीचं पडतं ते बरं म्हणतो.

त्या डब्यातला आमचा ग्रुप सहा जणांचा. लोकलचा ग्रुप म्हणजे काय ते ज्याने पास काढलाय त्याला सांगायला नको. रोज तासभर मांडीला मांडी लावून, पण नावं कुणाला ठाऊक? एक ‘शेअर बाजार’, एक ‘डायबेटिस’, आणि एक ‘स्टेशनमास्तर’. स्टेशनमास्तर साठीकडे झुकलेले, कुठल्याशा बँकेत. डोळे मिटून बसायचे आणि गाडीच्या आवाजावरून सांगायचे, “माहीमची खाडी आली.” “आता जोगेश्वरी, सिग्नल मिळालेला नाही.” एकदाही चुकले नाहीत. मला फर्स्ट क्लासचा पास नवा होता. चौथ्या सीटवर अर्ध्या ढुंगणावर कसं बसायचं ते त्यांनीच शिकवलं, आणि सहा महिन्यांनी विंडोपर्यंत बढती दिली.

१२ जुलैला संध्याकाळी आम्ही चौघं आलो. पाचवा दुसऱ्या दिवशी आला, कानाला कापूस लावून. स्टेशनमास्तर आले नाहीत. कुणीतरी म्हणालं, काल आधीच्या गाडीच्या मागे धावताना दिसले होते. दुसरा म्हणाला, आता सगळे फर्स्ट क्लास सोडून सेकंडला जातायत, तेही तिकडे गेले असतील. खरंच जात होते. माहीम आलं तेव्हा कुणीच नाव घेतलं नाही स्टेशनाचं. शुक्रवारपर्यंत त्यांच्या जागी दुसरा बसायला लागला होता.

मृतांची यादी पेपरात आली होती. मी वाचली होती. पण तिच्यात काय शोधणार होतो, ‘स्टेशनमास्तर’?

हे आठवलं ते दादाच्या फोननंतर, आणि मग राहवेना. जुन्या डायरीत ‘शेअर बाजार’चा नंबर होता. एकोणीस वर्षांत त्याने नंबर बदललेला नव्हता. मी मेसेज केला: ओळख दिली, विरार फास्ट, मागून दुसरी विंडो, आणि विचारलं, स्टेशनमास्तरांचं पुढे काय झालं, नाव काय होतं त्यांचं.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी, इथल्या पहाटे, उत्तर आलं.

‘अरे चष्मा!! आहेस का तू?! फेब्रुवारीनंतर दिसलाच नाहीस. आम्हाला काय काय वाटलं. तुझी विंडो चार दिवस रुमाल टाकून ठेवली होती डायबेटिसने. मास्तरांचं नक्की माहीत नाही रे. कुणी म्हणत होतं नंतर वसईला दिसले, पण तो दुसरा असेल. नाव बहुतेक जोशी की जोगळेकर. आणि तुझं पूर्ण नाव काय? माझ्याकडे ‘चष्मा बोरिवली’ असंच सेव्ह आहे.’